पहिलं पान ओआरएसचं होतं

आरोग्याच्या माहितीचं ऑनलाइन टूलकिट नव्याने उभं करायचं काम संपादक म्हणून माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी आजारांची यादी केली. ऐंशी नावं झाली आणि त्यात आठवडा गेला. या कामात नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच पहिलं सांगते, यादी प्रश्नांची करा. 'अतिसार' हा शब्द घेऊन कोणी येत नाही. 'बाळाला सकाळपासून पाच वेळा जुलाब झालेत, आता काय देऊ?' असं विचारत लोक येतात. विचारणारा घाबरलेला असतो, रात्रभर जागा असतो आणि त्याच्या कडेवर रडणारं मूल असतं. पान त्याच्यासाठी लिहायचं.

आमचं पहिलं पान ओआरएसचं. मसुद्यात मी लिहिलं होतं, 'एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळा.' 2002 पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी शिफारस केलेल्या सूत्रात एक लिटर पाण्याला एकूण 20.5 ग्रॅम पावडर लागते, त्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ. त्यामुळे माझं वाक्य बरोबरच वाटत होतं. दोन डॉक्टरांनीही ते तपासून दिलं. मग एका आईला आम्ही विनंती केली, हे वाचा आणि तसं करून दाखवा. तिने घरातलं पाकीट काढलं, लिटरभर पाणी मोजलं आणि पाकीट फोडणार एवढ्यात माझी नजर त्यावरच्या बारीक अक्षरांवर गेली. पाकीट 200 मिलीलिटरचं होतं. द्रावण पाचपट पातळ झालं असतं, म्हणजे त्याचा उपयोगच उरला नसता. उलट चूक तर आणखी वाईट. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

आता तिथे तीन वाक्यं आहेत. 'पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते आधी बघा. तेवढंच पाणी मोजून घ्या. पूर्ण पाकीट एकाच वेळी त्यात घाला.' तेव्हापासून वाचकाला 'समजलं का?' असं मी विचारतच नाही, कारण सगळे हो म्हणतात. करून दाखवायला सांगते. डॉक्टरांनाही 'हे बरोबर आहे ना?' एवढंच विचारून थांबत नाही. 'हे वाचून कोणी चुकीचं काय करू शकेल?' असं विचारलं की ते वेगळ्या नजरेने वाचतात.

त्याच पानावर 'लक्षणे तीव्र झाल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा' असंही वाक्य होतं. तीव्र म्हणजे किती, हे घरात बसलेल्या माणसाने कसं ठरवायचं? दिसेल तेच लिहायला हवं: मूल पाणीही पीत नाही, सुस्त पडलंय, डोळे खोल गेलेत, शौचात रक्त दिसतंय, यातलं एक जरी असलं तरी लगेच दवाखान्यात न्या.

आकड्यांच्या बाबतीत माझा एक नियम आहे आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही. 'धोका दुप्पट' असं नुसतं छापायचं नाही. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो साधारण 7,000 स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. पण 'दुप्पट' ऐकून कित्येकींनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले. एका शब्दाचं वजन एवढं असतं. म्हणून किती जणांमागे किती, हे सगळ्यात पहिलं लिहायचं आणि पूर्वी किती होते, हेही त्याच ओळीत.

लिहून झालेलं पान जुनंही होतं. तान्ह्या बाळाला पालथं झोपवावं, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षं दिला जात होता. त्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे कळल्यावर ब्रिटनमध्ये 1991 ला आणि अमेरिकेत 1994 ला उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि मृत्यू झपाट्याने घटले. जुना सल्ला देणारेही मनापासूनच देत होते. त्यामुळे प्रत्येक पानावर शेवटच्या तपासणीची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि ते काम कोणाचं, हे तिन्ही हवं. माझी ऐंशी पानं दर दोन वर्षांनी तपासायची म्हटली तर वर्षाला चाळीस, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक. तेवढी माणसं आमच्याकडे नव्हती. बारा पानांनी सुरुवात केली. वरिष्ठांना ती कमी वाटली, पण हा हिशोब कागदावर मांडल्यावर ते तयार झाले.

निधी कोणाकडून येतो, तेही पानावर लिहा. त्यात चर्चेला जागा ठेवू नका.

आणि चूक सापडली तर गुपचूप दुरुस्त करून मोकळे होऊ नका. काय बदललं आणि कोणत्या तारखेला, हे पानाच्या वरच्या बाजूला लिहा. जुनं वाचून गेलेला एखादा परत आला, तर त्याला आधी तेच दिसायला हवं.