मीठ फुटलेल्या रानात भाजी कशी घ्यायची

वाळवा, पलूस, मिरज, कृष्णाकाठाला कुठंही उन्हाळ्यात फिरा, रानात पांढरे पट्टे दिसतातच. कारण सगळ्यांना माहितीय, काळी भारी जमीन, वर्षानुवर्षं ऊस, मोटर चालू केली की बंद करायचं नाव नाही आणि पाण्याला बाहेर जायला वाट नाही. मग खालचं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ तेवढं मागं राहतं. सगळं रान सुधारायचं तर जमिनीखालनं सच्छिद्र पाइप टाकायला लागतात, ते काम शेजारपाजार एकत्र आल्याशिवाय होत नाही कारण ते पाणी शेवटी कुठल्यातरी ओढ्याला काढून द्यायचंय. पण तोवर दहा-वीस गुंठ्यातली भाजी थांबवायची गरज नाही. मीठ पाण्याबरोबर चालतं आणि पाणी जिथं वाळतं तिथं बसतं, एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं जमतं.

पहिलं म्हणजे माती आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, दोन्ही तपासून घ्या. ईसी (म्हणजे विजेची वाहकता, मातीतल्या मिठाचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) 4 च्या वर आणि पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) 8.5 च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. पीएच 8.5 च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण (ईएसपी) 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. इथं एक मेख आहे, हा 4 चा आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून तिच्यातनं काढलेल्या पाण्याचा आहे, बऱ्याच लॅब माती जास्त पाण्यात कालवून ईसी काढतात आणि तो आकडा कमीच येतो, तेव्हा रिपोर्ट हातात घेतला की कुठल्या पद्धतीनं काढलाय ते विचाराच. नुसती क्षारयुक्त असेल तर जिप्समवर पैसे घालू नका, तिला गोडं पाणी आणि निचरा पाहिजे. चोपणला जिप्सम लागतं, किती ते रिपोर्टवरनं ठरवा, आणि चुनखडी जास्त असेल तर गंधकानं पण काम होतं. दुकानात क्षार घालवायच्या बाटल्या मिळतात त्याबद्दल माझं मत चांगलं नाही, बाटलीनं मीठ रानाबाहेर जात नाही, पाण्यानं जातं.

मग प्लॉटच्या खालच्या अंगाला चर काढा. चर नसताना धुवायला पाणी सोडलं तर मीठ खाली जाऊन परत वर येणार. चर झाला की लागणीआधी पाणी भरून रान धुवून घ्या. वरची फूटभर माती धुवायची तर साधारण फूटभर उंचीचं पाणी तिच्यातनं खाली जायला लागतं, तेव्हा 80 टक्क्यांच्या आसपास मीठ निघतं, निम्म्या पाण्यात निम्मं. एका दमात नको, थांबून थांबून द्या. चोपण असेल तर जिप्सम वरच्या थरात मिसळून मगच पाणी, नाहीतर ते पाणी मुरतच नाही.

पीक निवडताना हट्ट करू नका. घेवडा, गाजर, कांदा, मुळा ही नाजूक, ईसी 1 च्या पुढं गेला की उत्पन्न घटायला लागतं. मिरची आणि कोबी त्याच्या जरा पुढं, टोमॅटो, काकडी अडीचपर्यंत निभावतात. बीट 4 पर्यंत, चवळी जवळपास 5 पर्यंत आणि गवार त्याच्याही पुढं. आपला देशी पालक बीटाच्याच घराण्यातला आहे त्यामुळं तोही चालतो. बीट मोठं झालं की सोसतं पण उगवताना अगदी नाजूक असतं, म्हणून बी भिजवून, जरा दाट टाका आणि उगवेपर्यंत वरचा थर वाळू देऊ नका.

आता लागणीची जागा, सगळ्यात जास्त फरक इथं पडतो. सरीला पाणी दिलं की मीठ दोन्हीकडनं सरकत वरंब्याच्या माथ्यावर जाऊन बसतं, आणि आपण रोप नेमकं माथ्यावर लावतो. रोप वरंब्याच्या बगलेला, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर लावा. एक आड एक सरी भिजवत असाल तर मीठ कोरड्या सरीकडं ढकललं जातं, मग रोप ओल्या बाजूला. टोमॅटो, मिरचीची रोपं ट्रेमध्ये कोकोपीटवर करून जरा जून झाल्यावर लावा, कोवळं रोप लगेच कोलमडतं.

ठिबक असेल तर उत्तमच, थोडं थोडं पण रोजच्या रोज द्या. ठिबकखाली भिजलेल्या मातीच्या गोळ्याच्या कडेला मीठ गोल करून बसतं, म्हणून नळी रोपाच्या जवळच पाहिजे. आणि हलका पाऊस आला की लोक ठिबक बंद करतात, तिथंच घात होतो, त्या पावसानं कडेचं मीठ उलटं मुळाशी येतं. पहिल्या पावसात ठिबक चालूच ठेवा. वरनं उसाचं पाचट अंथरा, माती वाळायची कमी होते. पाचट जाळणाऱ्यांना काय बोलायचं!

खतात म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, महाग आहे पण क्लोराइड वाढत नाही. शेणखत चांगलं कुजलेलं. टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडायला लागली तर मिठामुळं झाडाला कॅल्शियम उचलता येत नाहीय असं समजा, फवारणीच्या आधी पाणी नियमित करा. फळ बारीक राहील पण गोड लागेल, बाजारात वजनावर विकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, घरी खायला मात्र झकास.

प्लॉट मोकळा झाला की पावसाळ्याच्या तोंडाला धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) टाका, तो असल्या जमिनीत बिनतक्रार येतो, दीड महिन्यानं फुलावर यायच्या आत गाडा, आणि पुढची भाजी लावायच्या आधी माती परत एकदा तपासा.