टेस्ट-ऑप्शनल कॉलेज आणि मनासारखा न आलेला एसएटी स्कोर

अमेरिकेतली टेस्ट-ऑप्शनल कॉलेजं एसएटी या प्रवेशपरीक्षेचा स्कोर द्यायचा की नाही हे विद्यार्थ्यावर सोडतात. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज पाठवण्याच्या वेबसाइटवर, ‘स्कोर विचारात घ्यावा का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं की स्कोर झाकला गेला, असं बहुतेक घरांत धरून चालतात. प्रत्यक्षात तो आकडा चार-पाच वाटांनी अर्जात शिरतो. त्यामुळे काम दोन टप्प्यांत करा: स्कोर खरंच नको आहे का ते ठरवा, आणि नको असेल तर प्रत्येक वाट तपासा.

सुरुवात कॉलेजांच्या यादीपासून. प्रत्येक नावापुढे धोरण लिहा, तेही कॉलेजच्या स्वतःच्या प्रवेशाच्या पानावरून आणि तुमच्याच प्रवेश-वर्षाचं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजारच्या मुलाची माहिती इथे चालत नाही. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड त्यानंतर त्याच वाटेने गेले. जॉर्जटाउन तर तुम्ही दिलेल्या सगळ्या एसएटी आणि एसीटी (तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा) परीक्षांचे स्कोर मागतं. याउलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश ठरवताना स्कोर बघतच नाही, तिथे १६०० पैकी १५८० सुद्धा उपयोगाचा नाही. हा लेख या दोन टोकांच्या मधल्या कॉलेजांसाठी आहे.

आता आकडा. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने जाहीर केलेली प्रवेशाची आकडेवारी) असं शोधा आणि त्यातला सी-९ हा भाग उघडा. तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांचे २५व्या, ५०व्या आणि ७५व्या पर्सेंटाइलचे स्कोर असतात, आणि किती टक्के मुलांनी स्कोर दिला होता तेही असतं. हा दुसरा आकडा लोक वाचत नाहीत, आणि गडबड तिथेच होते. समजा २५व्या ते ७५व्या पर्सेंटाइलचा पट्टा १३८० ते १५०० आहे, पण स्कोर देणारी मुलं जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे ज्यांचे चांगले आले त्यांनीच दिले आणि पट्टा वर सरकला. अशा ठिकाणी १३९० हा दिसतो तितका कमी नाही. ढोबळ नियम असा: ५०व्याच्या वर असेल तर द्या, २५व्याच्या खाली असेल तर देऊ नका. मधल्या पट्ट्यात बाकीचा अर्ज बघा. महाराष्ट्र बोर्डाचे गुण कसे वाचायचे हे प्रत्येक कॉलेजला सारखं ठाऊक नसतं. तुमच्या शाळेतून तिथे फारसं कुणी गेलं नसेल, तर मधला स्कोरही तुमच्या मार्कशीटला आधार देतो. मराठी घरांत १४०० ला ‘कमी’ म्हणून लाजून झाकण्याची घाई होते, ती टाळा. इंजिनिअरिंगसाठी गणितात ८०० पैकी ७६० असतील तर एकूण बेरजेआधी तो आकडा विचारात घ्या. मात्र गणित पाठवून इंग्रजी लपवता येत नाही. स्कोर चॉइस, म्हणजे कोणता स्कोर पाठवायचा ही निवड, परीक्षेच्या तारखेनुसार करता येते, विभागानुसार नाही.

द्यायचा नाही असं ठरलं, तर या वाटा बंद करा. कॉमन अ‍ॅपचा परीक्षांचा भाग सगळ्या कॉलेजांसाठी एकच असतो, आणि ‘स्कोर विचारात घ्यावा का’ हा प्रश्न प्रत्येक कॉलेजच्या भागात वेगळा येतो. दोन्ही उत्तरं जुळायला हवीत. सबमिट करण्याआधी दिसणारी पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत वाचा. स्कोर न द्यायच्या कॉलेजाच्या पीडीएफमध्ये आकडा दिसला तर तो परीक्षांच्या भागातून काढा, त्या कॉलेजाचा अर्ज पाठवा, मग स्कोर द्यायच्या कॉलेजासाठी पुन्हा भरा. एक अर्ज पाठवल्यावरही हा भाग बदलता येतो.

अमेरिकेतल्या काही शाळा ट्रान्सक्रिप्टवरच (शाळेच्या गुणपत्रकावर) स्कोर छापतात. काउन्सेलरला लेखी कळवून स्कोर नसलेली प्रत मागा, आणि शिफारसपत्रातही त्याचा उल्लेख नको असं सांगा. भारतात हे पत्र बऱ्याचदा प्राचार्य किंवा वर्गशिक्षक लिहितात आणि कौतुकाच्या भरात आकडा घालतात, म्हणून आधीच सांगावं. रेझ्युमे आणि पुरस्कारांची यादीही चाळा.

सर्वांत जास्त मुलं फसतात ती मोफत स्कोर पाठवण्यात. एसएटीनंतर ९ दिवसांपर्यंत चार ठिकाणी स्कोर फुकट पाठवता येतो, पण तेव्हा तो तुम्ही पाहिलेलाच नसतो, आणि गेलेला परत येत नाही. खात्री नसेल तर फी भरून नंतर पाठवा. आधीच गेला असेल, तर प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल करा: अर्जात ‘नाही’ म्हटलं आहे, तर पोहोचलेला स्कोर बाजूला ठेवाल का? अनेक कॉलेजं अर्जातलं उत्तर मानतात, काही हाती आलेला स्कोर बघतात. उत्तर जपून ठेवा.

एसएटीचा स्कोर रद्द करण्याची मुदत परीक्षेनंतरच्या गुरुवारी रात्री, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार संपते. भारतात तेव्हा शुक्रवारची सकाळ असते. पेपर अवघड गेला एवढ्यावरून रद्द करू नका. रद्द केलेला स्कोर परत मिळत नाही, आणि वेगवेगळ्या तारखांचे सर्वोत्तम विभाग जोडणाऱ्या कॉलेजांसाठी त्यातलं गणित कामी येऊ शकलं असतं.

अर्जातल्या ‘अधिक माहिती’च्या रकान्यात स्कोर का दिला नाही याचं कारण लिहू नका, वाचणाऱ्याच्या मनात शंका तुम्हीच पेरता. शेवटी दोन गोष्टी वेगळ्या तपासा: प्रवेशाला स्कोर ऐच्छिक असला तरी काही गुणवत्ता-शिष्यवृत्त्या आणि ऑनर्स कार्यक्रम तो मागतात, आणि टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा नियम टेस्ट-ऑप्शनलमध्ये मोडत नाही.