हज-उमरा : हद्दीच्या आणि मोजणीच्या या चुका टाळा

दुआ पाठ नसली तरी हज होतो. हद्द चुकली तर दम (भरपाईची कुर्बानी) द्यावा लागतो, आणि अरफात या मक्केजवळच्या मैदानाची हद्द चुकली तर हजच होत नाही. म्हणून पाठांतराआधी हद्दी समजून घ्या.

पहिली चूक विमानातच होते. मुंबईहून थेट जेद्दाला जाणाऱ्यांची मीकात (एहरामशिवाय ओलांडता न येणारी हद्द) यलमलम, आणि जेद्दाला उतरण्याआधीच ती ओलांडली जाते. 'जेद्दाला पोहोचून एहराम (हज-उमऱ्याची पवित्र अवस्था) बांधू' म्हणणारा तिथेच अडकतो. मीकातवर परत जाऊन एहराम बांधा, नाहीतर दम म्हणून मक्केच्या हरमच्या (पवित्र क्षेत्राच्या) हद्दीत बकरा द्या. एहरामच्या दोन चादरी मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका, हातातल्या पिशवीत ठेवा. शक्यतो घरूनच नेसून निघा. मात्र नुसत्या चादरींनी एहराम लागत नाही. मीकात येण्याआधी नियत (संकल्प) करून तलबिया ('लब्बैक' ही घोषणा) म्हणा. स्त्रियांना वेगळा पोशाख नाही, पण नियत त्यांनाही वेळेतच करायची. आधी मदिनेला जाणाऱ्यांनी घाई करू नये. त्यांची मीकात मदिनेबाहेरची जुल-हुलैफा. एकदा नियत झाली की सुगंधी साबण आणि सुगंधी ओले रुमालही बंद.

तवाफात (काबाच्या प्रदक्षिणेत) काबा डाव्या हाताला ठेवून 7 फेरे घ्या. फेरा हज्रे अस्वदच्या (काळ्या दगडाच्या) कोपऱ्यापासून सुरू होतो. समोरच्या भिंतीवरचा हिरवा दिवा ही खूण. गर्दी टाळायला काही जण हतीमच्या अर्धगोल भिंतीच्या आतून निघतात. हतीम काबाचाच भाग आहे, म्हणून तो फेरा धरला जात नाही, पुन्हा घ्या. आकड्याचा घोळ झाला तर कमी आकडा धरा. वुजूचा (हात-तोंड-पाय धुऊन केलेल्या शुद्धीचा) प्रश्न कोकणातल्या शाफई मंडळींना जास्त पडतो. गर्दीत परक्या स्त्री-पुरुषांच्या त्वचेचा स्पर्श झाला तर त्यांच्या मजहबात (धर्मशास्त्राच्या परंपरेत) वुजू तुटतो, हनफी मजहबात नाही. निघण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारून ठेवा.

सईत (सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या येण्याजाण्यात) सफा ते मरवा ही एक, परतीची दुसरी. सातवी मरवावर संपते. जाऊन-येऊन एक धरणारे विनाकारण 14 चालतात.

9 जिलहिज्जाला (हजच्या महिन्याच्या 9 तारखेला) सर्वांत जास्त जपा. मस्जिदे नमिराचा पुढचा भाग अरफातच्या बाहेर आहे. नमाज तिथे पढली तरी वुकूफसाठी (अरफातवर थांबण्यासाठी) पिवळ्या फलकांच्या आत या आणि सूर्यास्तापर्यंत हद्द सोडू नका. दिवसा बाहेरच राहिल्याचे उशिरा लक्षात आले, तर 10 तारखेच्या पहाटेपूर्वी आत पोहोचा. तोवर वेळ असते.

रमीचे (सैतानाचे प्रतीक असलेल्या जमरात या खांबांना मारायचे) खडे हरभऱ्याहून थोडे मोठे असावेत. 10 तारखेला फक्त मोठ्या जमरातला 7. 11 आणि 12 ला जवाल झाल्यावर (सूर्य माथ्यावरून ढळल्यावर) छोटा, मधला, मोठा या क्रमाने रोज 21. मूठभर एकदम फेकले तर एकच धरला जातो. खांबाभोवतीच्या हौदाबाहेर पडलेला खडा मोजू नका. काही जास्तीचे जवळ बाळगा. चपला फेकण्याला काहीच आधार नाही, त्यात माणसेच जखमी होतात.