आंबील नीट आंबली का, हे चाखून कसं ओळखायचं

१ वाटी ज्वारीचं पीठ (मालदांडी जातीच्या ज्वारीचं असेल तर उत्तमच) २ वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा. बिनकल्हईच्या पितळेत आंबट पीठ कळकतं, म्हणजे धातू उतरून बिघडतं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा ८-१० तास पुरतात. थंडीत दीड दिवसही लागतो.

आधी वास घ्या. ताज्या ताकासारखा आंबूस आणि मागून ज्वारीचा गोडसर वास आला, तर ठीक. कुबट वास आला किंवा वर बुरशी दिसली, तर चाखूच नका, सगळं ओतून द्या.

आता ४ वाट्या उकळत्या पाण्यात हे धार धरून सोडा आणि मंद आचेवर १०-१२ मिनिटं ढवळत राहा. कच्चं राहिलं तर पिठूळ लागतं.

चव घ्यायची ती कोमट असताना, ताक-लसूण घालण्याआधीच. ताक मिसळलं की पिठाचा स्वतःचा आंबटपणा कळत नाही, आणि बहुतेकांचं इथंच चुकतं. घोट तोंडात घोळवा. आंबटपणा जाणवून विरला पाहिजे; घशाशी टोचत राहिला तर पीठ जास्त आंबलंय, पुढच्या वेळी २ तास कमी ठेवा. मग मीठ, जिरं, ठेचलेला लसूण आणि गार झाल्यावर ताक.