नसबंदी झाली, पण शुक्राणू अजून वाटेत आहेत

"झालं, आता काळजी मिटली," असं मी घरी येताच बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "कधीपासून?" ते मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

एक गैरसमज आधी काढून टाका: नसबंदीने शुक्राणू बनणं थांबत नाही. वृषणं आपलं काम करतच राहतात. बंद होते ती शुक्रवाहिनी, म्हणजे नुसती वाट. नवे शुक्राणू वृषणामागच्या गुंडाळलेल्या नळीत येतात, तिथेच मरतात आणि शरीर ते जिरवून टाकतं. साठून साठून सूज येईल, ही माझी भीती फुकट गेली. टेस्टोस्टेरॉन तर थेट रक्तात उतरतं, त्यामुळे इच्छा आणि ताठरता जागच्या जागी. वीर्यही तेवढंच दिसतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के असतो.

गोम पुढे आहे. कापलेल्या जागेच्या पलीकडे जुने शुक्राणू उरलेले असतात. ते निघून जायला साधारण ८ ते १६ आठवडे आणि वीसेक वेळा वीर्यपतन लागतं. तोवर कंडोम सोडायचा नाही. मी उतावळेपणाने सहाव्या आठवड्यातच नमुना दिला. रिपोर्टमध्ये शुक्राणू हजर! तेराव्या आठवड्यात मात्र शून्य.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळा. लॅबच्या डबीतच द्या, साध्या कंडोममध्ये नको; त्यावरच्या रसायनांनी शुक्राणू मरतात आणि रिपोर्ट फसवा येतो. दोन तासांच्या आत तो तपासला गेला पाहिजे. रिपोर्टमध्ये शून्य, किंवा मिलिलिटरमागे एक लाखापर्यंत न हलणारे शुक्राणू असतील, तर डॉक्टर सहसा हिरवा कंदील देतात. त्यानंतरही गर्भ राहण्याची शक्यता सुमारे २००० त १ उरते. सहा महिन्यांनीही हलणारे शुक्राणू दिसले, तर शस्त्रक्रिया फसली असं समजायचं.

आणि वाहिनी पुन्हा जोडण्याबद्दल. उत्पादन चालूच असल्यामुळे दहा वर्षांनीही वृषणातून शुक्राणू मिळू शकतात. पण दाबामुळे मागची बारीक नळी तुंबू शकते, अनेकांच्या शरीरात शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडंही तयार होतात, आणि जितकी वर्षं जास्त तितकी जोडून मूल होण्याची शक्यता कमी. 'लागलं तर जोडून घेऊ' असं मनात असेल, तर टेबलावर चढूच नका.