आचारी भाऊ, कंबर धरण्याआधी या चुका टाळा

लग्नसराईत आचाऱ्याची कंबर धरली की लोक म्हणतात, वय झालं. पण हाताखालचा पंचविशीचा पोरगाही कंबर धरून चालत असेल, तर वयाला दोष देऊ नका. भट्टीची मांडणी बघा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे भरला गंज, म्हणजे मोठं पातेलं, एकट्यानं उतरवणं. 50 लिटर वरण म्हणजे 50 किलोच्या वर वजन, भांड्याचं वेगळं. तो अंगापासून लांब धरून, कमरेत वाकून वर पुन्हा वळलात, तर मणक्यातल्या चकतीवर कितीतरी जास्त ताण येतो. दोघांनी धरा, गुडघ्यात वाका, कंबर पिळण्याऐवजी पाय फिरवा. माझं मत विचाराल तर गंज उचलूच नका. जागेवरच ठेवून बादलीनं वरण काढा. वाढपी कुरकुरतील, कुरकुरू द्या.

पावशीवर (विळीवर) तासन् तास बसून वांगे-आलू चिरणं गुडघ्यांना आणि कमरेला जड जातं. मंगल कार्यालयात टेबलं पडूनच असतात. चिरायला टेबल कोपरापेक्षा जरा खाली असावं; कणीक तिंबायला, मांड्यांचं (लांब पोळ्यांचं) पीठ आपटायला आणखी 10-15 सेंटीमीटर खाली, म्हणजे जोर खांद्याचा नाही, अंगाचा लागतो.

बुंदीचा झारा एकाच हातानं ठोकत राहिलं की कोपराच्या बाहेरची बाजू दुखू लागते. माणसं आलटूनपालटून बसवा, मूठ घट्ट आवळू नका.

रात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येत असतील तर बहुधा मनगटात नस दबते आहे. शुगर असलेल्यांत हे जास्त आढळतं. तेल चोळून ती मोकळी होत नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा आणि डॉक्टरला दाखवा.

आणि ती मेडिकलवरची दुखण्याची गोळी! मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा 45 च्या आसपास, त्यात भट्टीची धग, घामानं अंगातलं पाणी आटलेलं. अशात उपाशीपोटी रोज गोळी घेतली तर पोटात जखमा होतात, किडनीलाही धोका असतो.

कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर पंगत उठायची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.