मुंबईत ड्राटहार पाळायचाय? मग आधी हे बघा

जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर, जर्मनीत ड्राटहार म्हणतात तो शिकारी कुत्रा, दाढी-भुवयांमुळे आजोबा दिसतो पण अंगात नुसता पारा. १९व्या शतकाच्या शेवटी तिकडच्या शिकाऱ्यांनी हा तयार केला, सावज दाखवणं, माग काढणं, पाण्यातनं पक्षी आणणं सगळं एकाच कुत्र्याने करावं म्हणून. नर २७ ते ३२ किलोचा, त्यामुळे वन बीएचकेवाल्यांनो, खरंच विचार करा.

केस काथ्यासारखे राठ. मशीन अजिबात मारू नका, पोत मऊ पडतो, गळायला आलेले जुने केस बोटांनी थोडे थोडे उपटायचे, त्याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात, नीट केलं तर दुखत नाही. आठवड्यातनं एकदा ब्रश. दाढी मात्र रोज जेवणानंतर पुसा, नाहीतर सोफा गेलाच समजा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाच्या आतच पळवून आणा, दुपारी फॅनखाली पडू दे. पावसाळ्यात फिरून आलं की कान आणि बोटांमधली जागा कोरडी करायची, गोचीड बघायचे, हे चुकवलंत की डॉक्टरचं बिल येतं. आपल्याकडे शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी, मग ते नाक रिकामं राहून चपला खातं, म्हणून घरात खाऊ लपवा आणि शोधायला लावा.